रेंजच्या पलीकडून फोटो: एका डोंगरवाटेची दिवसवार नोंद

वाट अशी आहे: गाडीरस्ता संपतो ते गाव, तिथून चढ, मग उंच धार, धारेच्या टोकाला खिंड, खिंडीपलीकडचे खोरे आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा गाडीरस्ता. नेट आधी भरपूर मिळते, मग तुटक, मग अजिबात नाही. रोजचे चार-सहा फोटो त्याच दिवशी, फोटोओळींसह, तळावर बसलेल्या माणसाच्या हाती पडले पाहिजेत, एवढेच काम. त्यासाठी पहिल्या पावलापासून दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या: छोटी प्रत हवेतून जाईल, मूळ फाइल पायी जाईल. मूळ फाइल हवेतून पाठवण्याच्या नादात बॅटरी आणि पैसा दोन्ही संपतात, आणि फोटो तरीही पोहोचत नाही.

पहिला दिवस: गाडीरस्ता संपतो तिथे

इथे फोरजी चांगले चालते, म्हणून तयारीचा सगळा दिवस इथेच घालवावा. हे गाव सोडल्यावर नवे ॲप, नवे खाते, नवी सेटिंग काहीही करायचे नाही.

सुरुवात फोनपासून. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप, ॲपचे अपडेट आणि सिस्टिमचे अपडेट बंद करायचे. सोबत लॅपटॉप असेल तर त्याचेही. यामागचे कारण पक्के ध्यानात ठेवावे. धारेवर दोन मिनिटांची रेंज आली की फोन आधी स्वतःची तुंबलेली कामे काढतो. गॅलरीतले तीनशे फोटो रांगेत पुढे घुसतात आणि ज्या एका फोटोसाठी आपण तिथे उभे असतो तो मागे राहतो.

दुसरा अडथळा ओटीपीचा. खात्यातून बाहेर फेकले गेलो आणि परत आत जायला एसएमएस हवा असेल, तर जिथे तो पोहोचत नाही तिथे खाते बंदच. म्हणून सगळीकडे आधीच लॉगिन करून ठेवावे, पडताळणीसाठी नेट न लागणारे कोड देणारे ॲप वापरावे आणि राखीव कोड कागदावर लिहून घ्यावेत.

कॅमेऱ्याचे घड्याळ फोनशी सेकंदापर्यंत जुळवायचे. पुढे कोणता फोटो कुठल्या वळणावरचा हे जीपीएसच्या नोंदीवरून ठरवायचे तर हे जुळणे लागतेच. कॅमेरा रॉ (सेन्सरची मूळ, मोठी फाइल) आणि लहान आकाराचा जेपेग असे दोन्ही एकदम साठवेल असा लावावा. मोठ्या फाइलशी झगडण्यापेक्षा लहान जेपेगवरून पाठवायची प्रत काढणे फोनला हलके जाते आणि बॅटरीही कमी खाते. कॅमेऱ्यातून फोनमध्ये फोटो घ्यायला कार्ड रीडर वापरावा. वायफाय दोन्हीकडची बॅटरी पिते आणि थंडीत वारंवार तुटते.

फोनमधल्या फोटो-संपादनाच्या ॲपमध्ये तीन ठरीव मापे साठवून ठेवायची. पहिले, लांब बाजू १६०० पिक्सेल आणि जेपेगचा दर्जा ६५: फाइल साधारण २०० ते ४०० केबी. दुसरे, १०२४ पिक्सेल, दर्जा ५०: ८० ते १५० केबी. तिसरे, ६४० पिक्सेल, दर्जा ४०: २५ ते ५० केबी. तिन्ही मापे एसआरजीबी रंगपटातच ठेवावीत, नाहीतर समोरच्या पडद्यावर रंग मळके दिसतात.

तळावरच्या माणसाशी पाच गोष्टी बोलून ठरवायच्या: फाइलींची नावे कशी असतील, रोज कोणत्या वेळी पाठवणार, पोच कशी मिळणार, किती तास पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचे आणि किती काळ काहीच आले नाही तर काळजी करायची. फाइलींची नावे रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावीत: तारीख, क्रमांक, जागा. देवनागरी नावांचा जुन्या सर्व्हरवर चुथडा होतो. सगळे ठरले की फोन मुद्दाम टूजीवर बांधून एक फोटो पाठवून पाहायचा. त्या प्रदेशात टूजीच बंद झाले असेल तर ते इथेच कळते.

आणि कायदा. उपग्रहावर चालणारे उपकरण सोबत नेणार असाल तर त्या देशाचे नियम निघण्याआधी बघा. भारतात परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणे गुन्हा आहे. संदेश पाठवणारी लहान उपग्रह-उपकरणेही त्यात येतात, आणि ती जवळ सापडली म्हणून परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे.

दुसरा दिवस: चढ आणि टूजीचे गाव

दुपारनंतर वाट एका वस्तीपाशी येते आणि फोनच्या कोपऱ्यात ‘ई’ दिसते. कागदावर या टूजीचा वेग कितीही असो, फोनकडून टॉवरकडे जाताना हाती सेकंदाला २० ते ६० किलोबिट लागतात. ३० धरून चालू. ३०० केबीच्या फोटोला दीड मिनिटापेक्षा थोडे कमी लागते. कॅमेऱ्यातल्या १० एमबीच्या जेपेगला पाऊण तास लागेल, आणि पाऊण तास न तुटणारी जोडणी अशा जागी मिळत नाही. पुढचे सगळे निर्णय या गणितावरून घ्यायचे.

आधी निवड. दिवसभराच्या शेकडो फ्रेममधून सहा निवडायच्या, त्यांना महत्त्वाप्रमाणे क्रम द्यायचा आणि पहिली फ्रेम एकटीच पाठवायची. सहाही एकदम टाकल्या तर सगळ्या अर्धवट राहतात.

मग प्रत काढणे. क्रम असा: चौकट कापणे, उजेड-रंग नीट करणे, हलका नॉइज (फोटोतले खरखरीत ठिपके) घालवणे, आकार लहान करणे, शेवटी थोडे शार्प करून जेपेग साठवणे. नॉइज काढणे ही हौस नाही. जेपेगला प्रत्येक बारीक ठिपका तपशील वाटतो आणि तो त्यावर बाइट खर्च करतो. अंधारात जास्त आयएसओवर काढलेला फोटो त्याच दर्जावर कितीतरी फुगतो. गवत, झाडोरा, पडता बर्फ यांच्या फ्रेम मोठ्या होतात. धुके, आकाश, पाणी यांच्या लहान राहतात. म्हणून दर्जाचा आकडा डोळे मिटून लावू नये, फाइलचा आकार बघून लावावा. ‘फाइल १५० केबीच्या आत ठेव’ एवढे सांगितले की दर्जा आपोआप ठरवणारी साधने आहेत. लॅपटॉपवर इमेजमॅजिक नावाचे सॉफ्टवेअर हे काम करते.

जेपेग साठवताना ‘प्रोग्रेसिव्ह’ हा पर्याय निवडावा. साध्या जेपेगचा अर्धा भाग पोहोचला तर वरचा अर्धा फोटो दिसतो आणि खाली करडी पट्टी राहते. प्रोग्रेसिव्हचा अर्धा भाग पोहोचला तर पूर्ण फोटो दिसतो, फक्त मऊ. वेबपी हे स्वरूप त्याच दर्जाला जेपेगपेक्षा लहान फाइल देते, पण तळावरच्या माणसाकडचे सॉफ्टवेअर ते उघडते का हे पहिल्या दिवशी बघितलेले असेल तरच वापरावे. जेपेग झिप करू नये, तो आधीच दाबलेला असतो.

पाठवायचे कशातून? ईमेलला जोडलेली फाइल पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर होते आणि ती एक तृतीयांशाने वाढते. १५० केबीचे २०० केबी होतात. तरीही ईमेलचा एक गुण मोठा आहे: मेल आउटबॉक्समध्ये थांबतो आणि रेंज आली की स्वतः निघतो. ब्राउझरमधले अपलोड अशा जागी सर्वांत वाईट. ९० टक्क्यांवर तुटले की बहुतेक ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरू. मेसेजिंग ॲप चिवट असतात, पण फोटो स्वतःच्या मनाने पुन्हा दाबतात आणि आतली फोटोओळ, तारीख, जागा पुसून टाकतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले की फाइल जशीच्या तशी जाते. रोजचे काम असेल तर तुटल्या जागेपासून पुढे चालू करता येणारी एसएफटीपी किंवा आरसिंकची सोय तळावर करून घ्यावी. आमच्या मते दुबळ्या नेटवर यापेक्षा भरवशाचे काही नाही.

फोटोओळ फाइलच्या आत लिहावीच, शिवाय वेगळ्या मजकुरातही पाठवावी. कोण, कुठे, कधी, काय चालले आहे, आणि फाइलचे नाव. ती एसएमएसने द्यायची तर हिशेब लक्षात घ्या: रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. तीही मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून. उलट दुर्मीळ पक्ष्याचे घरटे किंवा जिवाला धोका असलेला माणूस फ्रेममध्ये असेल तर फाइलमधली जीपीएसची जागा काढून टाकूनच ती पाठवायची.

तिसरा दिवस: धारेवरचे तीन दांडे

धारेवर टॉवर नजरेच्या टप्प्यात येतात. फोनमध्ये तीन दांडे दिसतात, मजकूर झरझर उतरतो, आणि फोटो मात्र हलत नाही. असे का होते? टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो, त्याचे आपल्याला ऐकू येते. फोरजीचा फोन फार तर २०० मिलिवॅटने बोलतो, ते टॉवरपर्यंत पोहोचत नाही. दांडे फक्त ऐकू येण्याचे मोजमाप आहेत, बोलणे पोहोचण्याचे नव्हे. म्हणून इथे फोन टूजीवर बांधून बघावा. ९०० मेगाहर्ट्झच्या टूजीत फोनची ताकद २ वॅटपर्यंत जाते, आणि संथ पण पक्की वाट मिळते.

टूजीला आणखी एक हद्द आहे. टॉवर साधारण ३५ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर सिग्नल येत असूनही फोन जोडला जात नाही, कारण फोनचे उत्तर किती उशिरा यावे याची मर्यादाच तेवढी आखलेली आहे. अशा वेळी उलट फोरजीवर प्रयत्न करावा.

दांड्यांवर विसंबण्यापेक्षा फोनच्या माहितीच्या पानावरचा डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा पाहावा. फोरजीत उणे ९५ च्या आसपास काम निभावते, उणे ११० ला धडपड सुरू होते, उणे १२० च्या पुढे बॅटरी घालवू नये. आकडा पाहत धारेवर पन्नास-शंभर पावले सरकावे. कड्याच्या आडून बाहेर आल्यावर दहा डेसिबलचा फरक सहज पडतो, आणि दहा डेसिबल म्हणजे दसपट ताकद. अंगही सिग्नल अडवते, म्हणून फोन खिशात किंवा हातात न धरता काठीला बांधून उंच करावा आणि हॉटस्पॉटवरून दुसऱ्या फोनने पाठवावे.

बाहेरचा अँटेना जोडता येणारा लहान राउटर आणि दिशा धरणारा यागी किंवा लॉग-पिरिऑडिक अँटेना असेल तर बराच फरक पडतो. चुकते ते केबलमध्ये. पातळ केबल मीटरमागे अर्धा ते एक डेसिबल खाते. पाच मीटर केबल ओढून राउटर तंबूत ठेवला की अँटेनाची निम्मी कमाई वाटेतच जाते. राउटर अँटेनाच्या बुंध्याशी, केबल हातभर. अँटेना फिरवताना दर दहा अंशांवर अर्धा मिनिट थांबावे, कारण आकडा उशिरा बदलतो.

पहाटे टॉवरवर गर्दी नसते. संध्याकाळी न गेलेली फाइल पहाटे पाचला पहिल्या फटक्यात जाते, हे वारंवार दिसते.

चौथा दिवस: खिंडीपलीकडे

खिंड उतरली की मागचे सगळे टॉवर डोंगराआड जातात. फोन विमान मोडवर टाकायचा. रेंज शोधत राहणारा फोन स्वस्थ पडल्या पडल्या बॅटरी रिकामी करतो.

आता उपग्रह. इथे दोन जाती आहेत आणि खोऱ्याच्या आकारावरून कोणती चालेल ते ठरते.

इन्मारसॅट या सेवेचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आकाशात एकाच जागी दिसतात. त्यांचे बीगॅन टर्मिनल, म्हणजे उपग्रहावरून नेट देणारे यंत्र, लॅपटॉपएवढे असते, त्याची पाटी उपग्रहाकडे रोखावी लागते, आणि वेग सेकंदाला ४९२ किलोबिटपर्यंत सांगितला जातो. त्याच्या निम्म्यापेक्षा कमी धरून चालावे, तरी ३०० केबीचा फोटो अर्ध्या मिनिटाच्या आत जातो. गोची दिशेची आहे. उत्तर गोलार्धात उपग्रह दक्षिणेकडे असतो. तो नेमका आपल्याच रेखांशावर असेल तर ३० अंश अक्षांशावरून क्षितिजाच्या ५५ अंश वर दिसतो, ६० अंशावरून फक्त २२ अंश वर. दक्षिणेला उभी भिंत असलेल्या खोऱ्यात तो दिसतच नाही. म्हणून तंबूची जागा ठरवण्याआधी होकायंत्र आणि कोनमापक घेऊन आकाश मोकळे आहे का ते बघावे. होकायंत्र कॅमेरा आणि टर्मिनलपासून दूर धरावे.

दुसरी सेवा इरिडियम. तिचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटरवरून ध्रुवांवरून फिरतात, त्यामुळे ते जगात कुठेही मिळतात. पण एकेक उपग्रह सात ते दहा मिनिटांत डोक्यावरून निघून जातो आणि अरुंद घळीत पुढचा येईपर्यंत जोडणी तुटते. जुन्या प्रकारच्या इरिडियम जोडणीचा वेग सेकंदाला २.४ किलोबिट आहे. १०० केबीच्या फोटोला साडेपाच मिनिटे, तीही काही वाया न जाता. अशा जोडणीवर ६४० पिक्सेलचे तिसरे मापच योग्य. सर्टस १०० या नव्या सेवेत वरच्या दिशेला २२ किलोबिट मिळतात, तिथे हेच काम ३६ सेकंदांत होते.

एवढ्या कमी वेगाने चिडचिड होत असेल तर १९६५ आठवावे. मरीनर ४ या अवकाशयानाने मंगळाचे फोटो सेकंदाला साधारण ८ बिटांनी पाठवले, २०० बाय २०० ठिपक्यांच्या एका चित्राला साधारण आठ तास लागत होते, आणि त्या चित्रांनी मंगळाविषयीची समजूत बदलली.

खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची वेगवान सेवा, म्हणजे स्टारलिंकची लहान पाटी, साधारण सव्वा किलोच्या आत येते आणि मूळ फाइलही पाठवू शकते. पण तिला रुंद मोकळे आकाश, त्या देशात सेवा आणि सतत २५ ते ४० वॅट वीज लागते. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत कागदावर ७४ वॅट-तास असतात, हाती ५० च्या आसपास येतात. म्हणजे एक बँक दीड-दोन तासांत संपली. उपग्रहावरून मजकूर पाठवता येणारे फोनही आता मिळतात, पण मजकूर जातो म्हणून फोटो जाईलच असे नाही. विकत घेण्याआधी हे नीट वाचा.

बिल कसे चढते तेही कळून घ्यावे. बीगॅनवर एमबीमागे, इरिडियमच्या जुन्या जोडणीवर मिनिटामागे. त्यामुळे टर्मिनलची फायरवॉल लावून फक्त पाठवणारे एकच ॲप बाहेर जाऊ द्यावे. लॅपटॉप जोडल्याबरोबर सिस्टिमचे अपडेट उतरू लागले तर फोटो निघायच्या आत महिन्याचा डेटा संपतो. स्थिर उपग्रहापर्यंत जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. दहा लहान फाइली एकेक करून पाठवल्या की प्रत्येकीच्या सलाम-दुव्यातच वेळ जातो. इथे मात्र चार फोटो एका पुडक्यात बांधून, तुटल्यास पुढे चालू होणाऱ्या मार्गाने पाठवणे चांगले.

पाचवा दिवस: ढग

आकाश भरले तरी इन्मारसॅट आणि इरिडियमचे काम थांबत नाही. ते १.५ ते १.६ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि त्या लहरींना ढग-पाऊस फारसा जाणवत नाही. ओली पाने आणि पाटीवर साचलेला ओला बर्फ मात्र अडवतो, तो हाताने झाडावा. स्टारलिंकच्या वरच्या लहरींना जोराचा पाऊस आडवा येतो.

खरी अडचण विजेची. २०-२५ वॅटचा घडीचा सोलर पॅनेल चांगल्या उन्हात १० ते १५ वॅट देतो, ढगात एक-दोन. पॅनेलवरून थेट फोन चार्ज करू नये. ढग सरकला की चार्जिंग तुटते आणि बरेच फोन ते पुन्हा सुरूच करत नाहीत. पॅनेलने बँक भरायची, बँकेने फोन. शून्याखाली लिथियमची बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते. म्हणून बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत घ्याव्यात आणि सकाळी ऊब धरल्यावरच चार्जिंगला लावाव्यात. वीज कमी असेल त्या दिवशी एकच फोटो, तिसऱ्या मापाचा.

सहावा दिवस: कार्ड माणसाहाती

खोऱ्यातून खाली जाणारा कोणी भेटला की मूळ फाइली निघतात. २८ एमबीच्या ८०० रॉ फाइली म्हणजे २२ जीबी. माणूस दोन दिवसांत त्या तळावर पोहोचवत असेल तर वेग सेकंदाला सुमारे १ मेगाबिट झाला. बीगॅनच्या सांगितलेल्या कमाल वेगाच्या दुप्पट.

कार्ड दोन, माणसे दोन, आणि जमल्यास वेळाही वेगळ्या. तिसरी प्रत आपल्याकडेच. कार्ड एक्सफॅटमध्ये बांधलेले असावे, कारण फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी व्हिडिओ फाइल बसत नाही. नकल केल्यावर प्रत्येक फाइलचा शा-२५६ (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) काढून त्याची यादी कार्डावर ठेवायची आणि त्या यादी-फाइलच्या शा-२५६ ची पहिली आठ अक्षरे उपग्रहावरून तळाला कळवायची. तिथे ती जुळली की यादी खरी, मग यादीवरून एकेक फाइल तपासता येते. कार्डातला मजकूर नाजूक असेल तर ते व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने कुलूपबंद करावे, किल्ली सोबत पाठवू नये. कार्ड कडक डबीत, डबी चिकटपट्टीने बंद, वर नाव आणि तळाचा फोन, आत कागदावर तोच मजकूर. वरची अक्षरे घामाने पुसली जातात, म्हणून आतला कागद.

नेणाऱ्याला डबीत काय आहे ते स्पष्ट सांगावे आणि त्याची संमती घ्यावी. वाटेत तपासणी झाली तर उत्तर त्याला द्यावे लागते.

सातवा दिवस: पुन्हा टॉवर

उतारावर पहिली रेंज आली की फोन लगेच मोकळा सोडू नका. बॅकअप बंदच. आधी तळाकडून पोचयादी घ्यायची आणि आपल्या वहीतल्या नावांशी ताडायची: कोणती आली, कोणती अर्धी आली, कोणत्या फोटोओळीला फोटोच नाही. अर्ध्या आलेल्या फाइली आकारावरून ओळखू येतात, म्हणून पाठवताना वहीत नावापुढे केबीचा आकडा लिहिलेला असावा. राहिलेल्या फ्रेम आता पहिल्या मापात पुन्हा पाठवायच्या.

आधी ६४० पिक्सेलमध्ये गेलेल्या फ्रेमच्या मोठ्या प्रती त्याच नावाने, शेवटी एक अक्षर जोडून द्याव्यात. नाव तेच ठेवले तर कुठेतरी लहान प्रत मोठीला झाकते. वेगळे नाव दिले तर तोच फोटो दोनदा छापला जातो.

कार्ड पुसण्याची घाई इथेच होते. दोन्ही कार्डे तळावर पोहोचली, यादी जुळली आणि तिथे दुसऱ्या डिस्कवर नकल झाली, असे तिन्ही निरोप लेखी मिळेपर्यंत आपल्याकडची प्रत फॉरमॅट करायची नाही. एक कार्ड अजून वाटेत असेल, तर नव्या फोटोंसाठी नवे कार्ड घालावे.